टॉवर लाईनखालचं पाचट पेटवू नका

ऊसतोड सुरूय, टोळी फडातनं बाहेर पडली की पाचटाला काडी लावायची ही आपली जुनी खोड. पण ज्यांच्या रानावरनं 132 नाहीतर 220 केव्हीची लाईन गेलीय त्यांनी यंदा तरी हात आवरा.

"तारा एवढ्या वर, जाळ कुठं पोचतोय" असं सगळेच म्हणतात. अहो, जाळ तारेला लागायची गरजच नाही. त्या तारा उघड्या असतात, भोवतीची हवा हेच त्यांचं इन्सुलेशन. थंड कोरडी हवा एका सेंटीमीटरला साधारण 30 हजार व्होल्ट अडवते, पण खालनं जाळ लागला की ती तापून विरळ होते, त्यात काजळी आणि अर्धवट जळालेली पानं वर उडतात, मग तीच हवा वीज वाहायला लागते आणि एका तारेतनं दुसरीत नाहीतर सरळ जमिनीकडं लोळ येतो. हाच फ्लॅशओव्हर. आवाज बॉम्बसारखा, लाईन ट्रिप, आणि खाली माणूस असला तर विचारूच नका. 220 ची तार झोळात जमिनीपासून किमान 7 मीटर ठेवतात, तोडीचा नंबर लागेना म्हणून उभा फड पेटवणाऱ्यांनी जाळ किती वर जातो ते आठवून बघावं.

आग विझली म्हणजे सुटलो असंही नाही. टॉवरवरच्या चिनीमातीच्या बशांवर राख बसते, पहाटे दव पडलं की ती ओली होऊन त्यावरनं वीज झिरपते, तडतड ऐकू येते, कधी कधी सगळ्या बशांवरनंच ठिणगी पळते. तडतड फार वाढली तर टॉवरजवळ दारं धरायला जाऊ नका.

पाचटाचं काय करायचं? एक आड एक सरीत दाबा, बुडखे मोकळे ठेवा, एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्या. खोडव्याला ओल टिकते, तणही कमी येतं.

शेजारच्या बांधावरनं आग आलीच तर लाईनखाली उभं राहून डहाळ्यांनी झोडपू नका, मोटरच्या पाईपनं वर फवारा तर अजिबात नको. लांब व्हा, 1912 ला फोन करून लाईनखाली आग लागलीय म्हणून सांगा, आणि सांगताना जवळच्या टॉवरवरचा नंबर द्या, तो पाटीवर लिहिलेला असतो, आजच बघून मोबाईलमध्ये ठेवा.