उत्तरकालीन रोमन साम्राज्याची दुर्मीळ नाणी ओळखताना या चुका टाळा

या नाण्यांच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नाण्यावर ज्याचे नाव, त्यानेच ते पाडले असे गृहीत धरणे. मराठी संग्राहकाने तरी ती करू नये, कारण मराठ्यांच्या अनेक टांकसाळींतले रुपये दिल्लीच्या बादशहाच्या नावानेच पडत असत. रोमन साम्राज्यात इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकांत बंडखोर सेनापतींनीही हाच मार्ग वारंवार पत्करला. मात्र त्यांचा हेतू निष्ठेपेक्षा मान्यता मिळवण्याचा होता.

कॅरॉसियसचे उदाहरण यासाठी नीट समजून घ्यावे. इंग्लिश खाडीतील आरमाराचा हा प्रमुख चाच्यांकडून परत मिळवलेली लूट स्वतःच ठेवतो असा आरोप झाला आणि सम्राट मॅक्सिमियनने त्याच्या वधाचा हुकूम काढला, तेव्हा 286 च्या सुमारास त्याने ब्रिटनमध्ये स्वतःलाच सम्राट घोषित केले. पुढे त्याने तीन चेहरे शेजारी-शेजारी कोरलेले नाणे काढले आणि त्यावर ‘कॅरॉसियस आणि त्याचे भाऊ’ अशा अर्थाचा लॅटिन लेख घातला; हे भाऊ म्हणजे तेव्हाचे दोन अधिकृत सम्राट डायोक्लेशन आणि मॅक्सिमियन, ज्यांनी त्याला कधीच बरोबरीचा मानले नाही. हे नाणे कोणीही ओळखेल. फसगत होते ती त्याच्या टांकसाळींतून डायोक्लेशन किंवा मॅक्सिमियनच्या एकट्याच्या नावाने पडलेल्या नाण्यांत. तेथे मागच्या बाजूवरील ‘पॅक्स’ (शांती) या शब्दानंतर येणाऱ्या ‘ऑग’ (ऑगस्टस, म्हणजे सम्राट) या संक्षेपाच्या शेवटी ‘जी’ हे अक्षर तीनदा येते, म्हणजे तीन सम्राटांची शांती. दोनच सम्राट मानणाऱ्या राजवटीला हे तिसरे अक्षर मान्य होणे शक्य नव्हते. असे नाणे डायोक्लेशनच्या सामान्य नाण्यांच्या ढिगात टाकणे म्हणजे 293 मध्ये आपल्याच अर्थमंत्र्याच्या, ॲलेक्टसच्या, हातून मारल्या गेलेल्या माणसाचा सगळा राजकीय डाव नजरेआड करणे होय.

याच्या उलट चूक वेट्रानियोच्या नाण्यांत होते. 350 मध्ये बंडखोर सेनापती मॅग्नेन्शियसने पश्चिमेत सत्ता बळकावल्यावर या वृद्ध सेनापतीने बाल्कन प्रदेशात सम्राटपद घेतले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते पूर्वेचा सम्राट कॉन्स्टँटियस दुसरा याच्यापुढे उतरवून ठेवले. ‘या चिन्हाने तू विजयी होशील’ हा लेख असलेली त्याची नाणी प्रसिद्ध आहेत. पण सिस्किया येथे, म्हणजे आजच्या क्रोएशियातील सिसाक येथे, तोच लेख कॉन्स्टँटियसच्या नावानेही पडला आणि ती नाणी पुष्कळ अधिक मिळतात. मागची बाजू पाहून वेट्रानियोचा भाव देऊ नये. त्याच्या चेहऱ्यावर दाढी असते, कॉन्स्टँटियसच्या नसते. नावाची अक्षरे मागाहून कोरून बदलली नाहीत ना, हे भिंगाखाली पाहावे.

सॉलिडस या सोन्याच्या रोमन नाण्यावर खाली दिसणारी ‘कोमोब’ ही अक्षरे शहराचे नाव नव्हे. त्यांतील शेवटची दोन शुद्ध सोन्याची ग्वाही देतात; टांकसाळ मधल्या भागात शोधावी, जसे ‘आर-व्ही’ म्हणजे रॅव्हेना आणि ‘एम-डी’ म्हणजे मिलान. एका रोमन पौंडात 72 सॉलिडस बसत, तेव्हा सुमारे 4.5 ग्रॅमपेक्षा वजन बरेच कमी भरले तर सौदा तेथेच थांबवावा.

कालनिर्णयात पश्चिमेचा सम्राट ज्युलियस नेपोस हमखास चकवतो. 475 मध्ये त्याला इटली सोडून डाल्मेशियात (आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावर) जावे लागले, म्हणून त्याची सारी इटालियन नाणी त्याआधीचीच असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात 476 मध्ये इटलीतील बालसम्राट रोम्युलस ऑगस्टुलसला पदच्युत करणाऱ्या ओडोएसर या सेनापतीने 480 मध्ये नेपोसचा खून होईपर्यंत त्याच्या नावाने इटलीत सोन्याची नाणी पाडली. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राट झेनोला न दुखावता कारभार चालवण्याची ही युक्ती होती, असे मला वाटते.

एकमेव नमुना म्हणजे बनावट, हाही घाईचा निवाडा ठरतो. डोमिशियानस या गॉलमधील (आजच्या फ्रान्सच्या भागातील) अल्पकालीन दावेदाराचे नाणे 1900 मध्ये फ्रान्समध्ये मिळाले तेव्हा अनेक जाणकारांनी ते खोटे ठरवले. 2003 मध्ये ऑक्सफर्डशायरमधील चॅल्ग्रोव्ह येथे एकमेकांना चिकटलेल्या हजारो नाण्यांच्या गोळ्यातून दुसरे निघाले आणि शंका मिटली. म्हणूनच चिकटलेला साठा हाती आल्यास तो घरी ॲसिडने सुटा करू नये. आधी छायाचित्रे आणि वजन नोंदवून मग संवर्धकाकडे द्यावा.