लांबच्या डीजेचा बेस घरात घुमतो तेव्हा वारा कसा तपासायचा

दीड-दोन किलोमीटरवर डीजे असतो, गाणं कुठलं ते कळत नाही पण धम् धम् करत खिडकीची स्लायडिंग थरथरते, आणि परवा त्याच हॉलवर डीजे असून काहीच आलं नव्हतं. अशा वेळी आधी वारा बघा.

गॅलरीत उभं राहून चेहऱ्यावर वारा कुठून लागतो ते धरू नका, बिल्डिंगांमध्ये तो गरगर फिरतो. देवळाच्या कळसावरचा झेंडा नाहीतर लांबच्या चिमणीचा धूर बघा, कारण काम वरच्या वाऱ्याचं असतं. वारा आवाज उचलून आणतो असं आपण म्हणतो खरं, पण आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास धावतो आणि वारा 5-6 मीटर, तेवढ्याने काय होणार! होतं असं की जमिनीलगत झाडं-घरं अडवतात म्हणून वारा मंद आणि वर जोरात, त्यामुळे वारा डीजेकडून आपल्याकडे येत असेल तर आवाजाच्या लाटेचा वरचा भाग पुढे सरकतो आणि सगळी लाट जमिनीकडे वाकते. वारा उलटा असेल तर आवाज वर वळतो, खाली आवाजाची सावली पडते, म्हणजे तिथे तो फारसा पोचत नाही. पण 50 हर्ट्झच्या बेसची एक लाटच जवळपास 7 मीटर लांब, तो या सावलीतही थोडा शिरतोच, म्हणून गाणं गायब होतं आणि धमधम उरते.

आता मोजायचं कसं. साउंड मीटर ॲपमध्ये ए ऐवजी सी वेटिंग (जाड-बारीक आवाजांना किती वजन द्यायचं ती सेटिंग) लावा, हे खूप महत्त्वाचं आहे, कारण ए वेटिंग 50 हर्ट्झला तब्बल 30 डेसिबल कापतं, सी जेमतेम सव्वा. आमच्याकडे खिडक्या थरथरत असताना ए वरचा आकडा अगदी साधा दिसायचा आणि कोणी ऐकूनच घेत नव्हतं, फार वाईट वाटायचं. फोनवर वारा थेट लागू देऊ नका, तो माइकमध्ये स्वतःच घरघर करतो. फोनचा माइक बेसला कच्चाच असतो, तेव्हा आकडा पुरावा म्हणून नाही, रोज त्याच जागेवरून तुलना करायला वापरा आणि शेजारी वाऱ्याची दिशा लिहा.

आणि हिवाळ्यात निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीची नोंद वेगळ्या पानावर ठेवा. तेव्हा जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, आवाज चारही दिशांना खाली वाकतो, त्यात वाऱ्याचा हात नसतो.