गोव्याच्या पावसात टिकेल असा पीसी कसा जोडायचा, आणि हार्डडिस्क गेली तर पहिल्या तासात काय करायचं

मे महिन्याच्या शेवटाक दुपारी काळोख करून येतो, विजा कडकडायला लागतात, कुठेतरी माडाची झाप तारांवर पडते आणि करंट जातो. मग पाच मिनिटांनी येतो, परत जातो, परत येतो. हे जे येणं-जाणं आहे ना, पीसी मरतो तो ह्यातच. मी म्हापशाजवळ राहतो, नोकरी सांभाळून संध्याकाळी ओळखीच्या लोकांना पीसी जोडून देतो, आणि मृग लागायच्या आसपास माझ्या टेबलावर दरवर्षी दोन-तीन तरी बंद पडलेली मशीन आणि एखादी आवाज करणारी हार्डडिस्क असतेच. म्हणून जे करून बघितलंय आणि जे चालतं तेवढंच लिहितोय.

पीसी जोडायचा म्हटलं की सगळे आधी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड विचारतात, मी आधी विचारतो घरात अर्थिंग आहे का. जुन्या कौलारू घरांत तीन पिनचा सॉकेट दिसतो पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि लोक म्हणतात "थोडा शॉक मारतो, चालतं." नाही चालत. एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा) आत फिल्टरचे छोटे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात, अर्थ नसेल तर पत्र्यावर लाइनच्या साधारण निम्मे व्होल्ट तरंगत राहतात आणि तुम्ही एचडीएमआय किंवा यूएसबी लावताना तेच पोर्टमधून जातात. इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटर लावून घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या वर नको. स्वतः सॉकेट उघडू नका.

त्यानंतर यूपीएस. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, ऑफिसच्या पीसीला ठीक आहे, पण ग्राफिक्स कार्ड असेल तर १००० व्हीए घ्या. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते हे घेतानाच धरून चला, कारण बॅटरी मेलेला यूपीएस म्हणजे फक्त जड एक्स्टेंशन बॉक्स. आणि एसएमपीएसवर पैसे वाचवू नका हो, कृपा करून. कॅबिनेटसोबत फुकट येतो तो एसएमपीएस काढून बाजूला ठेवा, चांगल्या कंपनीचा ८० प्लस ब्राँझ (कमी वीज वाया घालवतो ह्याचा शिक्का) ५५० वॉटचा घ्या, साध्या-मध्यम ग्राफिक्स कार्डापर्यंत पुरतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डचा स्वतःचा मेनू) एक सेटिंग असतं, करंट परत आल्यावर पीसीने काय करायचं ते, ते "पॉवर ऑफ" वर ठेवा, नाहीतर करंट पाच वेळा आला-गेला तर पीसी पण पाच वेळा चालू होत राहतो आणि हार्डडिस्कचा जीव जातो. विजा कडकडायला लागल्या की नुसतं स्विच बंद करून भागत नाही, प्लग उपटा, आणि तांब्याची लॅन केबल पण काढा, वीज त्यातूनही येते.

पार्ट कुठून घ्यायचे? पणजी, म्हापसा, मडगावला मिळतात, काहीजण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतात. तिथे चार पैसे वाचतील, पण मदरबोर्ड आणि एसएमपीएस मी इथलाच घेतो, वॉरंटीसाठी धावपळ कमी होते. बिल जपून ठेवा आणि बिलाचा फोटोही काढून ठेवा, ती थर्मल पेपरवरची बिलं इथल्या दमट हवेत वर्षभरात कोरी होतात.

जोडणी तशी कठीण नाही. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा, आधी प्रोसेसर, मग रॅम, मग एम.२ एसएसडी (बोर्डवरच बसणारी, चिपांची डिस्क), हे सगळं कॅबिनेटच्या बाहेरच. रॅमच्या दोन काड्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, आणि कूलरला आधीच लावून आलेली असेल तर वर आणखी लावू नका. एएम४ च्या (एएमडी प्रोसेसरचा जुना सॉकेट) बोर्डवरून जुना कूलर काढायचा असेल तर आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, आणि मग कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवा. सरळ वर ओढला तर पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मग कॅबिनेटमध्ये बसवायच्या आधीच एकदा चालू करून बघा. एएमडीचा नवा सॉकेट एएम५ आणि डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असतं, घाबरून बटण दाबू नका. कॅबिनेटमध्ये स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारे पितळी खुंट) फक्त मदरबोर्डच्या भोकांखालीच हवेत, एक जरी भलत्याच जागी राहिला तरी शॉर्ट होतो.

आता ओलावा. पावसाळ्यात इथे चपलांना बुरशी येते, मग पीसीला काय सोडणार. समुद्राजवळ घर असेल तर हवेतला खार, आत कुळागराकडे, म्हणजे माड-पोफळीच्या बागेकडे असेल तर मुंग्या आणि पाली. पाल एसएमपीएसमध्ये शिरली तर संपलं, म्हणून मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या फेकू नका, सगळ्या लावा. समोर दोन पंखे आत हवा घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, आणि आत येणाऱ्या हवेला जाळी, म्हणजे धूळ फटींतून खेचली जात नाही. धूळ नुसती धूळ नसते, ओलावा धरून ठेवते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पावसाळ्यात पीसी बंद ठेवून विसरू नका, रोज अर्धा तास तरी चालवा, आतली उष्णता ओल घालवते. चवथीला गावी गेलात, दहा दिवसांनी आलात आणि डिस्प्ले येत नाही, असं झालं तर प्लग काढून रॅमच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून परत बसवा. निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं.

आता हार्डडिस्ककडे येतो, ह्याबद्दल मला जास्त तळमळ आहे. पीसी गेला तर नवीन येतो, डेटा येत नाही.

गेल्या पावसात शेजारच्या काकू एक टीबीची हार्डडिस्क घेऊन आल्या. काका भजनाला पेटी वाजवायचे, आता ते नाहीत, आणि त्यांच्या मंडळाची सगळी रेकॉर्डिंग त्या एकाच डिस्कवर. ड्राइव्ह उघडायला पाच मिनिटं लागत होती, मग विंडोज म्हणालं "फॉरमॅट करायचं का?" काकूंनी बरोब्बर "कॅन्सल" केलं, पण आधी एका दुकानात नेली होती तिथे डिस्क चेक लावून रात्रभर ठेवली. ही सगळ्यात मोठी चूक. ते चेकचं काम फाइल सिस्टिम दुरुस्त करायचं, मरणाऱ्या डिस्कवर ते लिहीत सुटतं आणि जे वाचलं असतं तेही विस्कटतं.

तर पहिली गोष्ट, बंद करा. मग आठवा की आवाज कसा होता. टक-टक-टक करून थांबत असेल तर हेड, म्हणजे डिस्क वाचणारं टोक, गेलं. बारीक बीप किंवा गुरगुर आणि फिरतच नसेल तर हेड चिकटलंय किंवा मोटर अडकलीय. अजिबात जीव नाही आणि जळका वास असेल तर बोर्ड. ह्या तिन्हींत घरी काही करू नका, परत परत चालू करून बघू नका. हेड प्लॅटरच्या (डेटा असलेली फिरती तबकडी) वर काही नॅनोमीटरवर तरंगतं, धुळीचा कण त्याच्यापुढे डोंगर, म्हणून झाकण उघडणं म्हणजे संपलं. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय अजून लोक सांगतात, आपल्या हवेत तर बाहेर काढल्या काढल्या आत पाणी धरेल. तसाच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावायचा उपाय पण आजच्या ड्राइव्हला चालत नाही, कारण त्या एकाच डिस्कची मापं बोर्डवरच्या छोट्या चिपमध्ये असतात, ती चिप पण हलवावी लागते. आणि पुराच्या पाण्यात भिजली असेल तर सुकवूही नका, चालूही करू नका, ओलसर फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद करून थेट क्लीन रूम असलेल्या लॅबकडे. सुकली की गाळ प्लॅटरवर घट्ट बसतो.

डिस्क शांत फिरते, दिसते, पण खूप हळू आहे, तर घरी करता येतं. क्रिस्टलडिस्कइन्फो ह्या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या टूलमध्ये बघा. तिथल्या यादीतले सी५ आणि सी६ वाढलेले असतील तर सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, खराब. फक्त सी७ वाढतोय तर बहुतेक साटा केबलच (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) खराब, पन्नास-शंभर रुपयांत सुटाल. सेक्टर खराब असतील तर फाइल ओढून कॉपी करू नका, आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढा. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवा, डिस्क यूएसबीच्या डब्यातून काढून थेट साटाला लावा (काही छोट्या एक्सटर्नल ड्राइव्हमध्ये यूएसबी पोर्ट बोर्डवरच असतो, तिथे हे जमत नाही), आणि तेवढी किंवा मोठी रिकामी डिस्क बाजूला. डीडीरेस्क्यू नावाचं फुकट टूल आहे, ते आधी चांगला भाग भराभर उचलतं, अडलं की उडी मारून पुढे जातं, आणि शेवटी खराब तुकड्यांकडे परत येतं. मॅप फाइल (कुठला भाग वाचला ह्याची नोंद) देणं विसरू नका, करंट गेला तरी जिथे होतं तिथून पुढे सुरू होतं. कुठली डिस्क कुठली ते साइझवरून नको, सीरियल नंबर वाचून दोनदा खात्री करा, कारण उलटं झालं तर रिकामी डिस्क जुनीवर लिहिली जाईल.

चांगली एक टीबी तीनेक तासांत होते, काकूंची चौथ्या दिवशी झाली. समोर टेबल फॅन लावून ठेवला होता, मॅप फाइल उघडली की वाचलेल्या भागासमोर अधिकाचं चिन्ह आणि गेलेल्यासमोर वजा, सकाळी उठून मी आधी वजा किती झाले ते मोजायचो.

नंतर जुनी डिस्क बाजूला, सगळं काम इमेजवर. त्यासाठी टूल आहेत: पार्टिशनच (डिस्कवरचा सी, डी असा भाग) गेलं असेल तर टेस्टडिस्क, फाइल सिस्टिम मोडली असेल तर डीएमडीई, काहीच नाही जमलं तर फोटोरेक, पण त्यात फाइलची नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, हजारो फाइल एकेक उघडून ओळखाव्या लागतात.

एसएसडीचं वेगळं आहे. चुकून डिलीट झालं तर ट्रिममुळे (रिकाम्या जागा साफ करायची एसएसडीची सोय) थोड्याच वेळात आतून पुसलं जातं, त्यामुळे लगेच पॉवर तोडणं एवढंच हातात. आणि विंडोज ११ मध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, बऱ्याचदा आपोआप चालू असतं, मदरबोर्ड मेला आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की नसेल तर ठणठणीत एसएसडीतलं पण काही वाचता येत नाही. आजच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ती बघा आणि कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद पीसीच्या खणात ठेवू नका.

काकूंच्या डिस्कवरची भजनं जवळजवळ सगळी मिळाली, दोन रेकॉर्डिंग मध्येच तुटतात. मी दोन कॉप्या करून दिल्या, एक त्यांच्याकडे, एक लेकीकडे पुण्याला. जुनी डिस्क सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात तारीख लिहून ठेवलीय, लेक चवथीला आली की सगळ्या फाइल शेवटपर्यंत ऐकून बघणार आहे, तोपर्यंत ती डिस्क कुणालाही टाकू देणार नाही.