दुर्लक्षित रॉक अल्बम कसे शोधावेत आणि कसे ऐकावेत

रॉक संगीतातील दुर्लक्षित अल्बम शोधताना तयार याद्यांच्या मागे न लागता प्रत्येक अल्बमबाबत आधी एक प्रश्न विचारावा: हा अल्बम खपला नाही, तो कशामुळे? कारण वितरणात, प्रकाशनाच्या वेळेत किंवा बँडच्या फुटीत सापडले, तर तो अल्बम अवश्य ऐकावा, कारण त्याचे अपयश संगीताचे नसते.

अमेरिकेतील मेम्फिस शहरातला ‘बिग स्टार’ हा बँड या दृष्टीने सर्वांत आधी ऐकावा. ॲलेक्स चिल्टन आणि ख्रिस बेल यांच्या या बँडने ‘आर्डेंट’ स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला ‘नंबर वन रेकॉर्ड’ हा अल्बम १९७२ साली आला आणि समीक्षकांनी त्याची मनापासून प्रशंसा केली. परंतु वितरण ज्या ‘स्टॅक्स’ कंपनीकडे होते, तिला तो दुकानांपर्यंत नीट पोहोचवता आला नाही. १९७४ सालचा ‘रेडिओ सिटी’ हा त्यांचा पुढचा अल्बम तर स्टॅक्स आणि ‘कोलंबिया’ या दोन ध्वनिमुद्रिका कंपन्यांमधील वादात अडकला. हे दोन्ही अल्बम याच क्रमाने ऐकावेत, म्हणजे पहिल्यातील स्वरांची घट्ट गुंफण आणि बेल बँड सोडून गेल्यानंतर दुसऱ्यात आलेला गिटारचा मोकळा, काहीसा खडबडीत बाज यांतील फरक लक्षात येतो. १९७४ मध्येच ध्वनिमुद्रित होऊन १९७८ साली बाहेर पडलेला ‘थर्ड’ मात्र शेवटी ठेवावा. त्यातील गाण्यांचा क्रम आवृत्तीगणिक बदलतो, आणि त्यातली उदासी इतकी खोल आहे की बँडची आधीची उमेद ठाऊक असल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. माझ्या मते रॉकमध्ये इतके असुरक्षित, उघडे गायन फार थोड्या ठिकाणी ऐकायला मिळते.

यानंतर माणसांचा माग काढावा, आणि त्यासाठी आवडत्या अल्बमच्या वेष्टनावरील श्रेयनामावली वाचावी. बीटल्सचे आरंभीचे ध्वनिमुद्रण सांभाळणारे आणि पिंक फ्लॉइडच्या पहिल्या अल्बमचे निर्माते असलेले नॉर्मन स्मिथ यांचे नाव आपल्याला ‘द प्रिटी थिंग्ज’ या लंडनच्या बँडपर्यंत नेते. या बँडचा ‘एस. एफ. सॉरो’ हा एका माणसाची जन्मापासूनची कहाणी सांगणारा अल्बम डिसेंबर १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये आला. अमेरिकेत मात्र तो ‘द हू’ या बँडच्या ‘टॉमी’ या अशाच कथा सांगणाऱ्या अल्बमनंतर पोहोचला, त्यामुळे आधी घडलेली कृतीच तेथे अनुकरण ठरवली गेली. कथेचे दुवे गाण्यांत पुरते येत नाहीत, ते वेष्टनावरील मजकुरात आहेत. म्हणून तो मजकूर समोर ठेवूनच हा अल्बम ऐकावा.

‘एस. एफ. सॉरो’ लंडनमधील ॲबी रोडवरील ज्या स्टुडिओत घडला, मुख्यत्वे त्याच स्टुडिओत १९६७ साली ‘द झोम्बीज’ या इंग्लिश बँडचा ‘ओडेसी अँड ओरॅकल’ हा अल्बमही घडला. १९६८ साली तो प्रकाशित होण्यापूर्वीच बँड विसर्जित झाला होता, आणि त्यातील शेवटचे गाणे १९६९ मध्ये अमेरिकेत गाजले तेव्हा ते मंचावर सादर करायला मूळ बँडच उरला नव्हता.

ऐकण्याबाबत एक पथ्य कटाक्षाने पाळावे. नव्या आवृत्त्यांत आणि स्ट्रीमिंगवर मूळ अल्बमला अनेक जादा गाणी जोडलेली असतात, त्यामुळे कलावंतांनी योजलेला शेवट हरवतो. मूळ गाण्यांची यादी आधी पाहून घ्यावी, आपोआप पुढचे गाणे लागण्याची सोय बंद करावी, आणि ‘ओडेसी अँड ओरॅकल’ ऐकताना बाराव्या गाण्यानंतर थांबावे. जादा गाणी दुसऱ्या दिवशी स्वतंत्रपणे ऐकावीत.