गेमसाठी लेखक घेताय? नुसत्या शब्दांवर पैसे मोजू नका

फासे टाकत खेळायच्या रोलप्लेइंग गेमसाठी (प्रत्येकानं एक पात्र घेऊन गोष्ट पुढं न्यायचा खेळ) कोणाकडून लिहून घ्यायचं असेल तर नुसतं पुण्या-मुंबईकडे बघू नका, आपल्या जळगाव-धुळ्यात एकांकिका लिहिणारी पोरं आहेत, अहिराणीत किस्से रंगवणारे आहेत, संवाद त्यांच्या हातात असतो आणि नियम दोन-तीनदा सोबत खेळलं की कळतात. सॅम्पल मागा, 300 शब्दांचा एक प्रसंग, समजा तोरणमाळच्या घाटात धुक्यात चुकलेली टोळी, पण त्याचेही पैसे द्या, निवड होवो न होवो.

आता दर. इंग्रजी गेममध्ये शब्दामागे पैसे देतात, तोच आकडा मराठीला लावला की लेखक मारला जातो, कारण जिथं इंग्रजीला पाच शब्द लागतात तिथं आपलं 'घरासमोर' एका शब्दात होतं. म्हणून शब्दाचा दर वाढवा नाहीतर सरळ पूर्ण कथानकाचे ठरवा. राक्षसांची ताकद सांगणारे आकडे, फाशावर काय पडलं की काय घडतं त्याचे तक्ते यात शब्द कमी आणि डोकं जास्त, त्याचे वेगळे द्या. अर्धे आधी, उरलेले मजकूर हातात आल्यावर. गेम विकला की देऊ असं अजिबात नको.

आणि लेखी करा! 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनंच दिले जातात, मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दुरुस्त्या किती वेळा आणि पुस्तकावर नाव कुठं, तेही त्यातच टाका.