स्टुडिओ पोर्ट्रेटचं रिटचिंग शिकताय? आधी त्वचा बघायला शिका

रिटचिंग, म्हणजे काढलेल्या फोटोतला चेहरा नंतर सुधारायचं काम, शिकायला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, 'ताई, स्किन स्मूद करायचा शॉर्टकट कोणता?' शॉर्टकट भरपूर आहेत. फोटोशॉपच्या न्यूरल फिल्टर्समध्ये २०२० पासून त्वचा मऊ करायचा तयार स्लायडरच आहे. पण तो ओढण्याआधी एक गोष्ट डोळ्यांत बसायला हवी. चेहरा थकलेला, डागाळलेला दिसतो तो बहुतेक वेळा त्वचेवरच्या उजेड-सावलीच्या छोट्या चट्ट्यांमुळे. रंध्रं, बारीक लव, बारीक रेषा हा त्वचेचा पोत, आणि त्याचा यात फारसा दोष नसतो. ब्लर मारला, म्हणजे त्वचा धूसर केली, की पोत आधी जातो आणि मोठे चट्टे मात्र जागेवर राहतात. प्लास्टिकसारखा चेहरा होतो तो असा.

हे मला नीट कळलं ते आमच्या स्टुडिओतल्या जुन्या काकांमुळे. फिल्मच्या काळात त्यांनी निगेटिव्हवर पेन्सिलीनं काम केलेलं. निगेटिव्हवर रिटचिंग मिडियमचा पातळ हात द्यायचा, म्हणजे पेन्सिल धरते. मग उतरत्या डेस्कवर, खालच्या आरशावरून उजेड घेऊन, लांब अणकुचीदार टोक काढलेल्या शिसपेन्सिलीनं हलके हलके ठिपके द्यायचे. डोळ्यांखालची काळी सावली निगेटिव्हवर जवळजवळ पारदर्शक असते. तिथे शिसं भरलं की प्रिंटमध्ये तेवढी जागा उजळते. प्रिंटवर पांढरे राहिलेले ठिपके मग बारीक ब्रशनं रंग लावून भरायचे, त्याला स्पॉटिंग म्हणत. काका मॉनिटरसमोर बसले तरी बोट ठेवून हेच सांगायचे, 'इथं फक्त जरा उजळ, बाकी हात लावू नकोस.' आज आपण ज्याला डॉज-बर्न (जागा निवडून उजळ किंवा गडद करणं) म्हणतो, ते मुळात हेच काम आहे.

कामाला बसताना पहिला निर्णय सॉफ्टवेअरचा नसतो, माणसाचा असतो. पंधरा दिवसांनी जे आपोआप जाणार आहे ते काढायचं: पुटकुळी, दाढीचं कापलेलं, चष्म्याचा नाकावरचा वळ, पावडरचा गोळा. जे कायमचं आहे ते विचारल्याशिवाय काढायचं नाही: तीळ, जुना व्रण, आजीच्या कपाळावरचं गोंदण. टिकलीच्या गोंदामुळे कपाळावर पडलेला फिकट डाग मधल्या वर्गात येतो. तो मी निम्मा हलका करते, पुसत नाही.

एकदा बायोडाटाच्या फोटोसाठी आई आणि मुलगी आल्या होत्या. फोटो स्क्रीनवर आल्या आल्या आई म्हणाल्या, 'ताई, ओठावरचा तीळ काढा, आणि थोडी गोरी करा.' मुलगी शांतपणे म्हणाली, 'आई, बघायला येतील तेव्हा तीळ असणारच आहे ना.' मी फक्त हनुवटीवरच्या दोन पुटकुळ्या काढल्या, डोळ्यांखाली थोडं उजळलं, आणि रंग ग्रे कार्डवर (रंग तपासायचा राखाडी पुठ्ठा) जुळवून तिचा तिला परत दिला. दोघींनी तोच फोटो नेला. 'गोरं करा' ही मागणी तुम्हाला रोज ऐकायला मिळेल. माझं उत्तर ठरलेलं आहे: उजेड वाढवून देईन, कातडीचा रंग बदलणार नाही. सावळ्या चेहऱ्यावर प्रकाश छान पडला की तो आपोआप खुलतो. त्याला फिकट केलं की गालाचा उभार, कपाळाची चमक सगळं एका पातळीवर येतं आणि चेहरा सपाट होतो.

आता प्रत्यक्ष काम. लेअर म्हणजे फोटोवर एकावर एक ठेवलेले थर. मूळ लेअरला हात लावायचा नाही. वर एक रिकामा लेअर घ्या, हीलिंग ब्रशचं सॅम्पल 'करंट अँड बिलो'वर ठेवा, ब्रश डागापेक्षा जेमतेम मोठा घ्या. नमुना शेजारचाच घ्या. गालावरची रंध्रं मोठी असतात, डोळ्यांखालची बारीक, कपाळावरची आणखी वेगळी. गालाचा पोत डोळ्यांखाली चिकटवला की बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चेहरा खोटा वाटतो. ३०० टक्के झूम करून बसू नका. १०० टक्क्यांवर डाग काढा आणि दर थोड्या वेळानं पूर्ण चेहरा स्क्रीनवर मावेल इतकं मागे या. डाग नीट दिसत नसतील तर चॅनेल्समध्ये (फोटोचे लाल, हिरवा, निळा असे वेगळे केलेले रंग) जाऊन निळा चॅनेल बघा. त्वचेचे दोष तिथे सगळ्यात ठळक दिसतात, लाल चॅनेलमध्ये सगळ्यात कमी.

यानंतर खरं काम, आणि याला घाई चालत नाही. कर्व्हचे (उजेड कमी-जास्त करायचं साधन) दोन अ‍ॅडजस्टमेंट लेअर घ्या, एक किंचित उजळ करणारा, एक किंचित गडद करणारा. मास्क म्हणजे लेअरचा परिणाम कुठे दिसावा ते ठरवणारा पडदा, पांढऱ्या जागी दिसतो, काळ्या जागी नाही. दोन्हींचे मास्क कंट्रोल-आय दाबून काळे करा. ब्रश पांढरा, कडा पूर्ण मऊ, फ्लो (एका हातात किती रंग पडतो ते) १ ते ३ टक्के. सगळ्यात वर तात्पुरता एक ब्लॅक अँड व्हाइट लेअर ठेवून त्यातला लाल आणि पिवळा स्लायडर थोडा खाली ओढा, म्हणजे रंगाचा गोंधळ जाऊन नुसते चट्टे उरतात. आता गालावर एक गडद चट्टा दिसतोय ना? उजळ करणाऱ्या मास्कवर, फक्त त्या चट्ट्याच्या आत, चार-पाच हलके हात फिरवा. तो आजूबाजूच्या उजेडात मिसळेपर्यंतच, त्याच्या पुढे नाही. रंध्रं जशीच्या तशी राहतात, कारण तुम्ही एक पिक्सेलही पुसलेला नाही. काही वेळा गडद केलेली जागा नारिंगी दिसू लागते. तिथे कर्व्हचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी करा, म्हणजे रंग तसाच राहून फक्त उजेड बदलतो.

डोळ्यांखालची घळ पूर्ण भरू नका. ती हाडाची आणि पापणीची रचना आहे. ती नाहीशी झाली की डोळे चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे दिसतात. नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत येणाऱ्या घडीचंही तसंच. हसणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर ती घडी असायलाच हवी.

फ्रीक्वेन्सी सेपरेशन सगळे शिकवतात, म्हणून त्याबद्दल थोडं. पोत एका लेअरवर आणि रंग-सावली दुसऱ्या लेअरवर वेगळी करायची ही पद्धत आहे. फोटोशॉपमधली त्याची ठरलेली सेटिंग्ज अशी: ८ बिटच्या फाईलमध्ये अप्लाय इमेज, सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८ आणि वरचा लेअर लिनिअर लाइट. पद्धत वाईट नाही, सवय वाईट आहे. खालच्या, रंग-सावलीच्या लेअरवर लॅसोनं मोठी जागा धरून गॉशियन ब्लर मारला की पोत शाबूत राहतो, पण गालाची गोलाई निघून जाते, आणि त्या गोलाईसाठीच तर फोटोग्राफरनं सॉफ्टबॉक्स (मऊ उजेड देणारा दिवा) बाजूला लावलेला असतो. तोंडाभोवतीचा काळपटपणा, रंगाचा एखादा हट्टी चट्टा, एवढ्यापुरतीच मी ती वापरते. नवशिक्यांनी डॉज-बर्नवर हात बसल्याशिवाय तिकडे वळूच नये.

लग्नाच्या कामात मेकअपचा प्रश्न वेगळा येतो. फाउंडेशन राखाडी पडलेलं, चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या. इथे मानेला चेहऱ्याच्या रंगाकडे न्यायची चूक बरेच जण करतात. आधी हात आणि कानाची पाळी बघा, मेकअप नसलेला तिचा खरा रंग तिथे सापडतो. चेहऱ्याच्या रंगाला थोडी ऊब (पिवळसर-लालसर छटा) देऊन त्या रंगाकडे आणा. हळदीच्या फोटोंत मात्र पिवळेपणा काढत बसू नका, तो त्या दिवसाचाच आहे. शेकडो फोटोंच्या अल्बमला डॉज-बर्न शक्य नाही, हेही मान्य करा. जोडप्याचे आणि घरच्यांचे मोठे छापले जाणारे फोटो निवडून त्यांनाच वेळ द्या, बाकीच्यांना डाग काढणं आणि रंग जुळवणं पुरे. स्लायडरवाले प्लगइन वापरायचेच असतील तर निकाल वेगळ्या लेअरवर घेऊन त्याची ओपॅसिटी (ठळकपणा) अर्ध्यावर आणा.

व्हिसाच्या फोटोला मात्र हात लावायचा नाही, पुटकुळीलासुद्धा नाही. अमेरिकेच्या २ बाय २ इंची व्हिसा फोटोला रिटचिंग चालत नाही, आणि २०१६ पासून चष्माही चालत नाही. गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी नम्रपणे नाही म्हणा, अर्ज त्यांचा अडकतो.

सरावासाठी नेटवरचे तयार फोटो घेऊ नका. बहुतेक आधीच रिटच झालेले असतात. घरातल्या माणसांना खिडकीशी बसवून रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेले) फोटो काढा, वेगवेगळ्या वयाचे. काम झालं की रात्रभर ठेवा आणि सकाळी सगळ्यात खालच्या लेअरच्या डोळ्याच्या चिन्हावर ऑल्ट धरून क्लिक करा, म्हणजे आधीचा चेहरा दिसेल. आधीचा माणूस आणि नंतरचा माणूस भाऊ-भाऊ वाटले, तर सगळ्या मास्कवाल्या लेअरची ओपॅसिटी तीस टक्क्यांनी कमी करा. मोठी फ्रेम लॅबला पाठवण्याआधी त्यातला फक्त चेहरा, मोठ्या फ्रेममध्ये येणार त्याच मापात, ४ बाय ६ च्या कागदावर छापून बघा. १२ बाय १८ इंची फ्रेमला ३०० पीपीआयवर (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. मॅट कागद बारीक पोत थोडा गिळतो, ग्लॉसी तो ठळक करतो. ती छोटी प्रिंट ट्यूबलाइटखाली नाही, दाराशी दिवसाच्या उजेडात धरा, आणि जे खटकेल ते परत येऊन त्याच मास्कवर दुरुस्त करा.