परसातल्या केळीचा घड पोसत नाही? या चुका टाळा

गेल्या वर्षी गणपतीत आमच्या परसातली वेलची केळ नुकतीच निसवली होती, म्हणजे तिचं केळफूल बाहेर पडलं होतं. घरात पाहुणे, नैवेद्याला पानं हवीत आणि पानं तर दारातच. एकेक करत पाच उतरवली, शेंड्याला चार राहिली. पौषात घड काढला तेव्हा केळी करंगळीएवढी, गर कमी आणि साल जास्त. खत कमी पडलं असं आधी वाटलं, पण घड उपाशी राहिला तो त्या पाच पानांमुळे.

केळीला आपण झाड म्हणतो आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. दिसतो तो खांब म्हणजे एकावर एक गुंडाळलेली सोपटं. खरं खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. कंदातून फुलाचा दांडा सोपटांच्या मधून वर चढतो, शेंड्यातून बाहेर पडतो आणि तिथे त्या केळीची वाढ थांबते. त्यानंतर नवं पान एकही येत नाही. जी पानं अंगावर आहेत, त्यांच्याच जोरावर पुढचे तीन-चार महिने घड पोसायचा असतो. निसवताना निदान आठ धडधाकट पानं हवीत.

म्हणून जेवणाला पान हवं असेल तर निसवलेल्या केळीला हात लावू नका. निसवायला आलेल्या केळीचंही नको. जागा असेल तर पानांसाठी एक बेट वेगळं राखा, नाहीतर जादा मुनव्यांची, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांची, पानं घ्या. वाऱ्याने चिरफाळलेलं पान कुरूप दिसतं म्हणून कापणारेही आहेत. ते फाटलं तरी हिरवं आहे तोवर कामाचं असतं. काढायची ती वाळलेली आणि करप्याने निम्म्याहून जास्त तपकिरी झालेली.

मुनव्यांची माया

दुसरी चूक मायेपोटी होते. आईच्या भोवती सात-आठ पिलं फुटली की बेट भरलेलं दिसतं आणि कापायला जीव होत नाही. पण सगळी एकाच कंदाच्या जिवावर वाढतात आणि घड लहान होत जातो. एका बेटात तीनच ठेवा: आई, लेक आणि नात. आई निसवलेली, लेक कमरेएवढी, नात नुकती जमिनीतून डोकावणारी. असं राखलं की घडामागून घड मिळतो.

लेक म्हणून तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा मुनवा निवडा. लहानपणीच रुंद पान काढणारा मुनवा गोंडस दिसतो, पण कंदाशी त्याचा सांधा वरवरचा असतो आणि घडही हलका येतो.

बाकीचे मुनवे नुसते कोयत्याने छाटून भागत नाही. आज सपाट छाटा आणि उद्या जाऊन बघा: कापलेल्या गोल चकतीच्या मधोमध पोपटी कोंब पुन्हा वर आलेला असतो. जमिनीलगत कापून पहारीचं टोक मधोमध खुपसायचं आणि फिरवायचं, म्हणजे वाढीचा डोळाच मरतो. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा एक फेरी मारावीच लागते.

मोरीचं पाणी आणि खत

मोरीच्या पाण्यावर केळ लावायची आपली जुनी पद्धत चांगली होती, कारण त्या पाण्यात साबण थोडा असे. वॉशिंग मशीनचं पाणी त्याच चरात सोडलं की पावडरीतल्या सोडियममुळे पानांच्या कडा करपू लागतात. ते पाणी वेगळं काढा. आणि केळीला पाणी लागतं म्हणजे डबकं लागतं असं नाही. पावसाळ्यात आळ्यात पाणी तुंबलं तर कंद कुजतो. त्या दिवसांत आळं मोडून बुंध्याला माती चढवा.

खताच्या बाबतीत वेळ चुकते. घड दिसल्यावर शेणखताच्या पाट्या ओतून फण्या वाढत नाहीत. किती फण्या येणार हे दांडा अजून खांबाच्या आत असतानाच ठरून गेलेलं असतं. खाऊपिऊ घालायचं ते लावल्यापासूनच्या पहिल्या पाच-सहा महिन्यांत. पुढे घड पोसताना पालाश, म्हणजे पोटॅश, मात्र लागतं. चुलीची राख असेल तर ती बेटाला द्या.

शेजारून आणलेलं पील

फुकट मिळालेलं पील रोग घेऊन येऊ शकतं. ज्या बेटातून घेणार ते आधी पाहा. पानं आखूड, अरुंद, ताठ आणि शेंड्याला झुबका केल्यासारखी दाटलेली असतील, देठावर गडद हिरव्या तुटक रेघा असतील, तर तो पर्णगुच्छ. मावा तो पसरवतो आणि त्याला औषध नाही. अशी केळ आपल्याकडे दिसली तर आधी साबणाच्या पाण्याने मावा मारा, मग कंदासकट खणून काढा. नुसती वरून कापली तर त्याच कंदातून रोगी पिलं फुटतात.

घड उतरवताना

घड निसवला की दोन बांबूंची कैची करून टेकू द्या, वादळ येण्याची वाट बघू नका. शेवटची फणी उघडली की केळफूल तोडा आणि भाजीला घ्या. प्रत्येक फुलातली ताठ काडी आणि पारदर्शक पापुद्रा काढायला विसरू नका, ते शिजत नाहीत.

आंब्यासारखी पाडाची वाट पाहणं ही शेवटची मोठी चूक. घड बेटावरच पिकू दिला तर साली तडकतात आणि वटवाघळं आपल्या आधी येतात. निसवल्यापासून साधारण तीन-चार महिन्यांनी, थंडीत त्याहून उशिरा, मधल्या फणीतल्या केळ्यावरून बोट फिरवा. कोवळ्या केळ्याच्या धारा बोटाला लागतात, तयार केळ्याच्या बोथट होऊन ते गोल वाटतं. टोकाची वाळकी फुलंही हात लावताच गळतात. राजेळीच्या धारा मात्र पूर्ण जात नाहीत, तिथे फुलावरून आणि उजळलेल्या हिरव्या रंगावरून ओळखा.

उतरवायला दोघं लागतात. खांबाला अर्धवट घाव घातला की तो घडाच्या ओझ्याने हळू वाकतो. खालच्याने दांडा धरायचा, वरच्याने हातभर दांडा राखून कापायचा. चीक कपड्यावर पडला तर तपकिरी डाग जन्माचा राहतो, तेव्हा जुने कपडे घाला. घड उन्हात ठेवू नका. वरच्या फण्या आधी तयार होतात, त्या सोडवून पोत्यात एका पिकलेल्या केळ्याबरोबर आढी घाला. कार्बाइड अजिबात नको. फळं पिकवायला ते वापरण्यावर कायद्याने बंदी आहे. हिरवी केळी फ्रिजमध्येही ठेवू नका, ती काळी पडतात आणि नीट पिकत नाहीत.

घड काढल्यावर आईला लगेच जमिनीलगत कापू नका. छातीएवढा खुंट ठेवा. त्यातलं पाणी आणि अन्न कंदावाटे लेकीकडे उतरत राहतं. खुंट सुकत येईल तसा तो दोन-तीन वेळा करून खाली आणा.